काजू उत्पादनवाढ : चाकरमान्यांच्या बागा

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या मुंबई उपनगरांत राहणाऱ्या अनेक कोकणी कुटुंबांच्या काजूबागा सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांत आहेत. १९९० पासून रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवडीला अनुदान मिळू लागले आणि कोकणातील वरकस जमिनीवर काजू पसरला. मात्र मालक मुंबईत असल्याने पुष्कळ बागांची निगा राहत नाही. काजूला पाणी फारसे लागत नाही. म्हणून लक्षही लागत नाही, हा समज बागायतदाराला महागात पडतो.

बियांपासून वाढलेल्या गावठी झाडांचे उत्पन्न झाडागणिक बदलते. नव्या लागवडीला मृदुकाष्ठ कलमेच घ्यावीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४ (१९८१) व वेंगुर्ला-७ (१९९७) या जाती दिल्या. वेंगुर्ला-७ ची बी सुमारे १० ग्रॅमची, म्हणजे किलोला शंभरच्या आसपास बसते. ७ × ७ मीटरवर हेक्टरी सुमारे २०० कलमे लागतात.

पुढची कामे चाकरमान्याच्या सणांशी बरीच जुळतात. पावसाचा जोर ओसरला की, साधारण गणपतीच्या सुमारास, खत द्यावे. चार वर्षांवरील झाडाला दरवर्षी १ किलो नत्र, २५० ग्रॅम स्फुरद व २५० ग्रॅम पालाश, सोबत कुजलेले शेणखत, फांद्यांच्या घेराखाली चर काढून घालतात. याच फेरीत प्रत्येक बुंधा पाहावा. भुसा किंवा डिंक दिसला तर आत रोठा, म्हणजे खोड पोखरणारी अळी आहे. साल तासून अळी काढली नाही, तर अख्खे झाड वाळते.

उत्पादनाचा सर्वांत मोठा शत्रू ढेकण्या. तो कोवळी पालवी, मोहोर व कोवळ्या बियांतील रस शोषतो, मोहोर करपतो. विद्यापीठाच्या शिफारशीनुसार पालवी फुटताना, मोहोर येताना आणि फळधारणेच्या वेळी अशा तीन फवारण्या घेतात. पहिली दिवाळीच्या सुटीत साधता येते. उरलेल्या दोन्हींच्या वेळी चाकरमानी सहसा गावी नसतो, आणि बहुतेक नुकसान तिथेच होते. त्यासाठी गावातल्या भरवशाच्या माणसाशी आधीच बोलून ठेवावे. एकाच मोहोरात नर व द्विलिंगी फुले असतात, बी धरते ती द्विलिंगी फुलांना. परागीभवन मधमाश्या व इतर कीटक करतात. म्हणून भर फुलोऱ्यात फवारणी टाळावी.

शिमग्याच्या सुमारास काढणी भरात येते. बोंडू पिकून गळल्यावर बी गोळा करावी. झाडावरून ओरबाडलेल्या कच्च्या बियांचा गर भरत नाही. गोळा केलेली बी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवली की टिकते, आणि ऐन हंगामात पडेल भावाला विकावी लागत नाही.