अंगण, कुरण आणि मुलाची नोंद

बालकाचे मूल्यमापन आणि शिक्षणक्रम यांची सांगड घातली पाहिजे, असे आज बजावले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा आखला आणि ही भाषा अंगणवाडीपर्यंत पोचली. पण मूल्यमापन कोणाचे? मुलाचे, की शाळेचे? आजच्या पालघर जिल्ह्याचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. दलित वस्तीतली, त्या काळच्या भाषेत हरिजनवाड्यातली, मुले बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, काड्या आल्या.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांबाबत हाच पेच पडला. 'आदिवासींना शिक्षणाची गोडी नाही' हे प्रस्थापितांचे तयार उत्तर होते. या दोघींनी मुलाचा दिवस पाहिला. मूल गुरांमागे जात होते, धाकट्या भावंडाला सांभाळत होते. म्हणून शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी झाली. निरीक्षणात नापास ठरली ती शाळा, आणि बदलली तीही शाळाच.

तरीही केवळ गौरव करून आपल्याला थांबता येणार नाही. अंगणातला पहिला पाठ स्वच्छतेचा होता. पाठ योग्यच, पण ज्या जातिव्यवस्थेने पाणवठा नाकारला, तिची नोंद कोणत्या तक्त्यात करायची? त्याच १९४५ साली याच पट्ट्यातले वारली वेठबिगारीविरुद्ध गोदावरी परुळेकरांसह उभे राहिले होते. मुलाचे मागासलेपण त्याच्या अंगी नसते, ते त्याच्यावर लादलेले असते, हे त्या लढ्याने दाखवले.

१९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने 'अंगणवाडी' हे नाव देशभर नेले. वजनाच्या नोंदीवरून आहार ठरू लागला. मुलाच्या बोलण्यावरून पाठ ठरतो काय? बोईसर-तारापूरला १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली, परप्रांतीय मजूर आले. वारली बोलणारे आणि भोजपुरी बोलणारे मूल येथे शेजारी बसू शकते. चित्रातली वस्तू दोघांनाही ठाऊक असते, फक्त तिचे प्रमाण मराठी नाव ठाऊक नसते. त्यावर 'भाषाविकास कमी' असा शेरा पडला, तर ते मूल्यमापन नव्हे. तो जुनाच निवाडा नव्या कागदावर लिहिलेला आहे.

माझी मागणी साधी आहे. मुलाच्या प्रत्येक नोंदीसमोर दुसरा रकाना असावा: 'यावरून उद्या मी काय बदलणार?' तो भरायला मानधनावर राबणाऱ्या सेविकेला वेळ हवा, वस्तीची बोली जाणणारी मदतनीस हवी, आणि तिच्या नोंदीवरून पाठ बदलण्याचा अधिकारही हवा. हे मिळत नसेल, तर कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या आईबापांना बरोबर घेऊन ते मागितले पाहिजे. मुलाबद्दल काय लिहिले जाते, हे जाणण्याचा पहिला हक्क त्यांचाच आहे.