सायकलला टायटॅनियम बोल्ट लावताय? रंग नाही, ग्रेड पाहा

शॉपिंग अ‍ॅपवर निळे-जांभळे टायटॅनियम बोल्ट दिसले की गिअरच्या सायकलवाल्यांना मोह होतोच. वलगाव-अमरावती सायकलने जाणारी पोरं मला विचारतात, "घेऊ काय?" मी आधी विचारतो, कुठे लावणार?

बाटलीच्या स्टँडला असेल तर बिनधास्त घ्या. घाम, पाऊस काहीही असो, टायटॅनियमला गंज चढत नाही. वजनाचं म्हणाल, तर स्टीलची घनता 7.85 आणि ग्रेड 5 टायटॅनियमची 4.43, म्हणजे बोल्ट 40 टक्क्यांहून जास्त हलका. पण मुळात बोल्टच काही ग्रॅमचा! रोजच्या सायकलीत तो फरक जाणवत नाही.

हँडल धरणाऱ्या स्टेमचं मात्र वेगळं. तिथला बोल्ट चालत्या सायकलवर तुटला तर हँडल हातात येतं. ग्रेड 5 मध्ये साधारण 6 टक्के अ‍ॅल्युमिनियम, 4 टक्के व्हॅनेडियम असतं. ग्रेड 2 जवळपास शुद्ध आणि बराच कमजोर. वर्णनात ग्रेडच नसेल तर स्टेमला लावूच नका. तसंही डोक्यावर 12.9 कोरलेला स्टील बोल्ट ग्रेड 5 पेक्षा मजबूत असतो, मग तो काढायचा काहून?

बसवताना आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावा, नाहीतर टायटॅनियम आतच जाम होतं. स्टेमवर छापलेला टॉर्क (बहुतेकदा 5 न्यूटन-मीटर) ओलांडू नका.

आणि हो, चुंबक चिकटलं तर ते टायटॅनियम नाही. पण नाही चिकटलं तरी खात्री धरू नका, काही स्टेनलेस स्टीललाही चुंबक चिकटत नाही.