काडेपेटीतले विज्ञान आणि खुले झालेले पाठ्यपुस्तक

१/ स्वातंत्र्योत्तर भारताला विज्ञान भेटले ते प्रामुख्याने कारखान्याच्या रूपात. खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या परिसरात हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स (स्थापना १९६०) उभी राहिली. तिथल्या वसाहतीच्या नावातच रसायन आहे : रसायनी. त्या काळात बहुतेक शाळांतले विज्ञान मात्र फळ्यावरून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत एवढाच प्रवास करत होते.

२/ या प्रवासाला पहिला मोठा छेद गेला मध्य प्रदेशात. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत 'किशोर भारती' आणि रसुलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने प्रयोगाधारित विज्ञानशिक्षण सुरू केले. 'किशोर भारती'चे संस्थापक अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले. मुलांनी आधी प्रयोग करायचा, निष्कर्ष आपल्या शब्दांत लिहायचा. आणि परीक्षेला पुस्तक सोबत न्यायचे! पाठांतरालाच विद्वत्ता मानणाऱ्या समाजात हे धाडसच होते.

३/ १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतील एक तरुण अभियंता वर्षभराची रजा घेऊन तेथे पोहोचला. त्याचे नाव अरविंद गुप्ता. आठवडी बाजारात त्याला सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी मिळाली. तिचे छोटे तुकडे सांधे म्हणून वापरून त्याने आगकाड्या जोडल्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी ढळत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच तिरका होतो. पूल आणि छपरांच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे मुलाच्या बोटांनाच कळते. खर्च जवळपास शून्य. या काड्यांवरच्या त्याच्या पहिल्या पुस्तकाची पुढे बारा भारतीय भाषांत भाषांतरे झाली.

४/ आता २००२. याच वर्षी युनेस्कोच्या पॅरिस येथील बैठकीत 'मुक्त शैक्षणिक संसाधने' ही संज्ञा जन्मली. अमेरिकेतल्या एमआयटीने आपले अभ्यासक्रम महाजालावर विनामूल्य खुले करण्याची घोषणा वर्षभर आधीच केली होती. आणि याच २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने होशंगाबादचा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने शाळांबाहेर गेले.

५/ त्या परंपरेचा एक धागा पुण्यात टिकला. आयुकाच्या आवारात, पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ मिळालेल्या देणगीतून 'पुलस्त्य' ही वास्तू उभी राहिली; तीच मुक्तांगण विज्ञान शोधिका. २००३ पासून सुमारे दशकभर गुप्ता यांनी तेथे काम केले. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत तयार झाल्या. मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तकांचा मोठा साठा त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत उतरवून घेता येऊ लागला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

६/ म्हणजे शासनाने बंद केलेली शाळा महाजालाने पुन्हा उघडली? असे म्हणणे मोहक आहे, पण अर्धवट. होशंगाबादचा कणा पुस्तक नव्हते. शिक्षकांची उन्हाळी प्रशिक्षणे, दर महिन्याच्या बैठका, शाळेत पोहोचणारी प्रयोगसाहित्याची पेटी, हा तो कणा. आज मोहोपाड्यातली एखादी विद्यार्थिनी मोबाइलवर आगकाड्यांचा त्रिकोण पाहू शकते, काड्या आणून तो करूही शकते. तिच्या शिक्षकांची मासिक बैठक मात्र कोणत्याही संकेतस्थळावरून उतरवून घेता येत नाही.