कमाटीबागेतील वड

सन १९३० च्या नोव्हेंबरात हैले सेलासीला इथिओपियाचा सम्राट म्हणून अभिषेक झाला, आणि दूर जमैका बेटावरील दरिद्री कृष्णवर्णीयांतील काहींनी त्याला साक्षात ईश्वर मानले. अभिषेकापूर्वीच्या ‘रास तफारी’ या नावावरून त्यांचा पंथ रास्ताफारी म्हणून ओळखला जातो. ज्यांनी त्याला पुजले ते त्याचे प्रजाजनही नव्हते.

बडोद्यात भक्तीने निराळेच स्थान निवडले. कवळाण्याहून १८७५ मध्ये दत्तक आलेले सयाजीराव महाराज १९३९ पर्यंत गादीवर होते. त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस धाडले. असा राजा पाठीशी असता, परत येऊन त्यांच्याच नोकरीत रुजू झालेल्या आंबेडकरांना १९१७ मध्ये शहरात डोके टेकण्यास जागा मिळू नये! पारशी नाव धारण करून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक जाब विचारावयास आले. एका हिंदू मित्राने नोकरांची सबब सांगितली. ख्रिस्ती मित्राने पत्नीची. मुंबईच्या गाडीला पाच तास अवकाश होता. ते त्यांनी कमाटीबागेत काढले. राजाचा हुकूम कचेरीत चालत होता, घरांच्या उंबरठ्यावर नव्हे.

ज्या वडाखाली ते बसले असे मानतात, ती जागा आज संकल्पभूमी म्हणविली जाते. तेथे दरवर्षी २३ सप्टेंबरला दूरदूरची माणसे येतात आणि झाडासमोर हात जोडतात.