नाकावाटे मेंदूच्या तळाशी

न्यूरोसर्जरीची एम.सीएच. पदवी मिळाल्यावरही काही सर्जन आणखी वर्ष-दोन वर्षं एखाद्या निष्णात सर्जनच्या हाताखाली उमेदवारी करतात. ही कवटीच्या तळावरच्या शस्त्रक्रियांची फेलोशिप. इतकं शिकून झाल्यावर पुन्हा विद्यार्थी का व्हायचं? नाकावाटे होणाऱ्या पिट्युटरीच्या शस्त्रक्रियेची कुळकथा याचं उत्तर देते.

पिट्युटरी ही वाटाण्याएवढी ग्रंथी मेंदूखाली, कवटीच्या तळातल्या खळग्यात असते. तिच्या वरून दृष्टीच्या नसा जातात आणि दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या. तिच्यावर गाठ वाढली की नजर जाऊ लागते. १९०७ साली इन्सब्रुकमध्ये हेर्मान श्लोफर यांनी रुग्णाचं नाक एका बाजूला वळवून प्रथमच या वाटेनं गाठ काढली. तीन वर्षांनी व्हिएन्नाच्या ऑस्कर हिर्श यांनी नाकपुडीतूनच मार्ग काढला. अमेरिकेत हार्वी कुशिंग वरच्या ओठाखाली छेद घेऊन नाकाच्या पडद्यालगत आत शिरत. १९१० ते १९२५ या काळात त्यांनी अशा २३१ शस्त्रक्रिया केल्या; मृत्यूचं प्रमाण ५.६ टक्के होतं.

त्या काळात अँटिबायोटिक्स नव्हती. अरुंद, खोल वाटेत उजेड पुरत नसे. कवटी उघडून वरून गेलं तर दृष्टीच्या नसा डोळ्यांसमोर राहत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस कुशिंगनी नाकाची वाट सोडली आणि त्यांच्या मागोमाग बहुतेक सर्वांनीच. कुशिंगचे शोधनिबंध ग्रंथालयांत होते, तरी ही विद्या जवळजवळ लोपली.

ती तगली एका फेलोमुळे. एडिनबराचे नॉर्मन डॉट १९२३-२४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर बोस्टनला कुशिंगकडे राहिले होते. गुरूंनी सोडलेली वाट त्यांनी सोडली नाही. उजेडासाठी दिवे बसवलेलं उपकरणही घडवलं. १९५६ साली पॅरिसचे जेरार गियो एडिनबराला गेले आणि त्यांच्याकडून ही पद्धत शिकून आले. शस्त्रक्रिया चालू असताना हत्यार नेमकं कुठं पोचलं, हे गियो क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहू लागले. त्यांच्याकडे मॉन्ट्रियलचे ज्यूल हार्डी शिकले आणि मायदेशी परतल्यावर १९६०च्या दशकात त्यांनी या वाटेवर सूक्ष्मदर्शक आणला. आता निरोगी ग्रंथी शाबूत ठेवून काही मिलिमीटरची गाठही वेगळी काढता येऊ लागली. १९९०च्या दशकात दुर्बीण आली आणि न्यूरोसर्जन व कान-नाक-घसा तज्ज्ञ एकाच रुग्णावर मिळून काम करू लागले.

डॉट, गियो आणि हार्डी तिघेही आपापल्या जागी तयार सर्जन होते. हाड कुठवर कोरून थांबायचं, धमनीजवळ हात किती हलका ठेवायचा, रक्तस्राव झाला तर घाबरून न जाता काय करायचं, हे त्यांना जाणत्या हातांशेजारी उभं राहूनच उमगलं. आजचा फेलोही आधी मृतदेहावर शरीररचना पुन्हा शिकतो, मग साहाय्यक होतो आणि बऱ्याच काळानं गुरूच्या नजरेखाली स्वतः शस्त्रक्रिया करतो. या वर्षांना बायोडेटामधली आणखी एक ओळ समजणं चूक आहे. एडिनबरात एक माणूस ही विद्या हाताशी धरून होता, म्हणून ती पुढच्यांना मिळाली. रुग्णालयांनी अशी शिकवणारी माणसं आणि शिकण्याच्या जागा जपल्याच पाहिजेत.