कोवळ्या खेळाडूची पारख

मल्लखांबाच्या आखाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी एक आख्यायिका नाशिक जिल्ह्याशी जोडलेली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यात आले आणि त्यांनी दरबारात शड्डू ठोकला. समोर उभे राहायला कोणी धजेना. तेव्हा मिसरूडही न फुटलेला बाळंभटदादा देवधर पुढे झाला. पण त्याने लगेच लंगोट कसला नाही. तयारीसाठी मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगीला जाऊन बसला. तिथे मारुतीने वानररूपात लाकडी खांबावरचे डाव दाखवले, परत येऊन पोराने कुस्ती मारली आणि मल्लखांबाचे पुनरुज्जीवन झाले, असे सांगतात.

त्यातला दैवी भाग श्रद्धेवर सोडला तरी व्यवहाराची एक गोष्ट उरते. ज्याच्या नावावर एकही मोठी कुस्ती नव्हती अशा मुलावर कोणीतरी भरवसा टाकला आणि त्याला वेळ दिला. गेल्या तीन-चार दशकांत नाशिक जिल्ह्यातून देशाच्या संघापर्यंत पोहोचलेल्या खेळाडूंचा मागोवा घेतला, तर पुन्हा पुन्हा ह्याच दोन गोष्टी समोर येतात. कोवळ्या वयात अंगात काय आहे ते कोणी ओळखले, आणि ते अंग तयार होईपर्यंत कोण थांबले?

आधी ओळखण्याबद्दल. पूर्वी ही पारख तालमीतल्या वस्तादाच्या नजरेत होती. पोराची मान, खांद्यांची ठेवण, मनगट, शिवाय बापाची आणि मामाची अंगलट पाहून वस्ताद मनाशी हिशेब मांडायचा. सरकारी यंत्रणा आली तशी नजरेच्या जोडीला टेप आणि स्टॉपवॉच आले. भारतीय क्रीडा प्राधिकरण, म्हणजे साई, १९८० च्या दशकात उभे राहिले आणि लवकरच त्याने आदिवासी, डोंगरी व किनारी भागांत मुलांच्या चाचण्या घेण्याची योजना आखली. राजस्थानातल्या लिंबा राम या तिरंदाजाची निवड १९८७ साली अशाच चाचणीतून झाली. महाराष्ट्राने पुढे क्रीडा प्रबोधिनी सुरू केली. तिच्या निवडीत उंची-वजन, ३० मीटर धाव, उभी उडी, जागेवरून लांब उडी, मेडिसिन बॉलची फेक, शटल रन आणि ८०० मीटर अशा कसोट्या असतात. मूल आज कोणता खेळ खेळते, याला त्यात फारसे महत्त्व नाही. उद्या त्याला कुठला खेळ शिकवता येईल, एवढेच पाहायचे असते.

टेपही फसवतो. बारा-तेरा वर्षांची दोन मुले एका रेषेत उभी केली, तर एक वयात येऊन वर्ष झालेले असते आणि दुसरे अजून शेंबडे असते. पहिले शर्यत जिंकते, पण चार वर्षांनी दुसरे त्याला मागे टाकून जाते. त्यात जन्मतारखेची लबाडी मिसळली की सगळा हिशेबच कोलमडतो. म्हणून क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालील मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढते. मनगटातली छोटी हाडे किती घडली आणि लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या किती बुजल्या, यावरून हाडांचे वय ठरते. कागदावर पंधरा आणि हाडांत सतरा असलेला मुलगा तिथे बाजूला काढता येतो. हाडांत तेरा असलेला आणि म्हणून आज मागे पडलेला मुलगाही त्याच फोटोत दिसू शकतो. त्याच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

नाशिकमध्ये ही पारख सर्वांत ठळकपणे पळण्यात दिसली. डॉ. मुंजे यांनी १९३७ साली सुरू केलेल्या भोसला मिलिटरी स्कूलच्या आवारात साईचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांनी लांब पल्ल्याच्या धावपटूंची एक फळी तयार केली. तिच्यातले पहिले मोठे नाव कविता राऊत. जन्म १९८५ चा, गाव हरसूल भागातला सावरपाडा. पळण्याला साहित्य लागत नाही, अनवाणीही पळता येते, म्हणून आपण हा खेळ निवडला, असे तिने मुलाखतींत सांगितले आहे. दुरून पाणी आणणे आणि चढउतारावर पायपीट करणे हा तिथल्या मुलींचा रोजचा दिनक्रम. तिच्या यशाचे श्रेय रक्ताला आणि मातीला देणारे पुष्कळ लिहिले गेले. पण सावरपाड्यात त्याच वाटा तुडवणाऱ्या कितीतरी मुली होत्या. लहानपणापासूनच्या चालण्याने दमसास मिळतो. त्या दमसासाचे दहा हजार मीटरच्या शर्यतीत रूपांतर व्हायला प्रशिक्षक, मैदान, पोटभर अन्न आणि बरीच वर्षे लागतात.

८ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविताने १०,००० मीटरमध्ये ३३ मिनिटे ५.२८ सेकंदांची वेळ देऊन कांस्यपदक मिळवले. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या ट्रॅकवर भारताला वैयक्तिक पदक मिळाले ते १९५८ च्या मिल्खा सिंग यांच्यानंतर प्रथमच, आणि भारतीय महिलेला तर पहिल्यांदाच. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत रौप्य जिंकले. प्रीजा श्रीधरन तिच्यापुढे सेकंदभराने होती. दीड महिन्याच्या आत सव्वा मिनिटाचा फरक! तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. लांब पल्ल्याची धावपटू साधारण याच वयात फळाला येते. अठराव्या वर्षीच्या वेळांवरून तिच्याबद्दल निकाल देऊन टाकला असता, तर ही शर्यत कोणाला पाहायला मिळालीच नसती. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती मॅरेथॉन जिंकली आणि तिथून रिओ ऑलिंपिकला गेली.

तिच्यामागून दिंडोरी तालुक्यातली मोनिका आथरे २०१७ च्या लंडन जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. चांदवड तालुक्यातल्या संजीवनी जाधवने त्याच वर्षी भुवनेश्वरला आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत ५,००० मीटरचे कांस्य आणि तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरचे रौप्य मिळवले. एका मुलीवर घेतलेल्या कष्टातून पुढच्या मुलींना रस्ता मिळाला.

चांदवड तालुक्याचेच दुसरे उदाहरण अधिक विलक्षण आहे. तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. दुष्काळी पट्ट्यातले गाव. विहिरी खोदण्यापासून पेट्रोल पंपावरच्या नोकरीपर्यंत कामे करत तो २०१२ साली लष्करात गेला आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये दाखल झाला. वय एकवीस. नौकानयनाचा त्याला गंध नव्हता, पाण्याची उलट भीतीच होती. तिथल्या प्रशिक्षकांनी त्याची उंची पाहिली आणि त्याला होडीत बसवले.

उंचीच का, हे एका वल्हवणीत कळते. सरकत्या बैठकीवर खेळाडू गुडघे छातीशी आणून पुढे झुकतो, दोन्ही हात जमतील तितके लांब करतो आणि वल्ह्यांची पाती पाण्यात बुडवतो. मग पायांनी रेटा देतो, पाठोपाठ धड मागे झुकते आणि शेवटी हात वल्हे पोटाशी ओढतात. ज्याचे हातपाय लांब, त्याचे पाते प्रत्येक खेपेला पाण्यातून जास्त अंतर कापते. दोन हजार मीटरच्या शर्यतीत असे दोनशेहून अधिक फटके मारायचे असतात. तंत्र शिकवता येते, दम वाढवता येतो, पण एकविसाव्या वर्षी हाताची लांबी वाढवता येत नाही. म्हणून प्रशिक्षकांनी जे शिकवता येत नाही ते आधी पाहिले. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, दत्तू रिओला भारताचा एकमेव नौकानयनपटू म्हणून उतरला आणि एकेरी स्कल्समध्ये तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह त्याने चौघांच्या स्कल्समध्ये सुवर्णपदक जिंकले.

अंग पाहून निवडायचे आणि खेळ नंतर शिकवायचा, हा प्रयोग जगात सर्वांत बारकाईने नोंदला गेला तो अमेरिकन फुटबॉलमध्ये, ‘टाइट एंड’ या जागेवर. हा गडी एका चेंडूला धिप्पाड बचावपटूंना खांद्याने रोखून धरतो आणि पुढच्याच चेंडूला धावत सुटून झेल घेतो. दोन कामे, दोन वेगळी शरीरे, आणि दोन्ही एकाच माणसाने शिकायची. त्यामुळे नवा टाइट एंड पहिल्या वर्षी बहुधा चाचपडतो. अँटोनियो गेट्स महाविद्यालयात बास्केटबॉल खेळायचा. व्यावसायिक संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात; २००३ च्या त्या निवडीत त्याला कोणत्याच संघाने निवडले नाही. सॅन दिएगोच्या संघाने तसाच करारावर घेतला. पहिल्या मोसमात २४ झेल, दुसऱ्यात ८१. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ११६ टचडाउन झेल होते, टाइट एंडमधला विक्रम, आणि २०२५ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. ट्रॅव्हिस केल्सीने २०१३ चा पहिला मोसम गुडघ्याच्या दुखापतीत घालवला, एकही झेल नाही. २०१६ ते २०२२ अशा सलग सात मोसमांत त्याने झेलांवर हजार यार्डांचा टप्पा ओलांडला.

उलटी उदाहरणेही आहेत. काइल पिट्स २०२१ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेला. एवढ्या वर कोणताच टाइट एंड कधी गेला नव्हता. पहिल्याच वर्षी १,०२६ यार्ड काढून त्याने सगळ्यांना चकित केले, पण पुढच्या तीन मोसमांत तो आकडा त्याला गाठता आला नाही. ब्रॉक बॉवर्सने २०२४ मध्ये ११२ झेल आणि १,१९४ यार्ड काढून माइक डिटकाचा १९६१ पासूनचा नवख्या टाइट एंडचा यार्डांचा विक्रम मोडला. पहिल्या वर्षाच्या आकड्यांनी घाईघाईत कोणाला डोक्यावर घेऊ नये आणि कोणाला मोडीतही काढू नये, हे या जागेने वारंवार दाखवले आहे.

या अंदाजांवर तिकडे ‘डायनेस्टी’ नावाचा हौशी खेळ चालतो. फँटसी फुटबॉलची सुरुवात १९६२-६३ मध्ये ओकलंडच्या बिल विंकेनबाक आणि त्याच्या मित्रांनी केली. डायनेस्टी हा त्याचा लांब पल्ल्याचा प्रकार. कागदावरचा आपला संघ वर्षानुवर्षे आपल्याकडेच राहतो आणि दरवर्षी फक्त नव्या पोरांची निवड होते. टाइट एंड घेणाऱ्याला दोन-तीन वर्षे एक जागा अडवून बसावे लागते. आपल्याकडे फँटसीची लाट आली ती मुंबईत २००८ साली सुरू झालेल्या ड्रीम११ मुळे. तिथे बहुतेकांचा संघ एका सामन्यापुरता असायचा, आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. कोवळ्या खेळाडूला पाच वर्षे न्याहाळण्याची सवय त्या खेळाने लावली नाही. ती सवय थोडीफार प्रो कबड्डीत दिसते. तिथले संघ लिलावाबाहेरून नवी तरुण मुले घेतात आणि काही मोसम सांभाळतात. पुणेरी पलटणने तरुणांवर बांधलेल्या संघासह दहावा मोसम जिंकला, त्यात नाशिकचा आकाश शिंदे होता. हांगझूच्या आशियाई सुवर्णविजेत्या संघातही तो होता.

आता थांबण्याबद्दल. नाशिकचा द्राक्ष बागायतदार नव्या वेलीवर पहिल्या वर्षी घड धरत नाही. आधी खोड आणि ओलांडे तयार करून घेतो. हे थांबणे त्याला परवडते, कारण त्या वर्षी त्याच्या घराचा खर्च दुसऱ्या प्लॉटवर भागतो. खेळाडूच्या बाबतीत हा दुसरा प्लॉट म्हणजे नोकरी. कविताला ओएनजीसीची नोकरी होती, दत्तूला लष्कराची. अमेरिकेत निवड झालेल्या नवख्याशी चार वर्षांचा करार होतो, म्हणून संघालाही थांबणे परवडते. जिथे हा आधार सुटला तिथे काय होते, हे कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या मुलांनी भोगले. १९८७ मध्ये साईने त्यांना मोठ्या आशेने निवडले, आणि १९९३ मध्ये तो उपक्रम बंद झाला. चाचण्यांतून निवडलेली मुले अर्ध्या वाटेवरून घरी परतली.

म्हणून निवड चाचण्यांइतकेच महत्त्व त्यांच्या नोंदींना द्यायला हवे. अमेरिकेत निवडीआधीच्या चाचण्यांचे उडी, धाव आणि उंचीचे आकडे खुले असतात, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचा अंदाज कुठे चुकला हे आज कोणालाही तपासता येते. हरसूल, पेठ, सुरगाणा, चांदवड इथल्या शाळा आणि आश्रमशाळांत दर जूनमध्ये मुलांची उंची, पसरलेल्या हातांची लांबी आणि ८०० मीटरची वेळ घेऊन ठेवायला फार खर्च येत नाही. निवड झालेल्यांची जशी, तशीच न झालेल्यांचीही नोंद अठराव्या वर्षापर्यंत जपली, तर बाराव्या वर्षी बाजूला राहिलेला एखादा लांब हातांचा मुलगा सोळाव्या वर्षी पुन्हा हाक मारून बोलावता येईल. त्याला एकविसाव्या वर्षापर्यंत लष्करभरतीच्या योगायोगावर अवलंबून राहावे लागणार नाही.