कण्याचा बाक

दिल्लीहून आग्र्याकडे जाणाऱ्या वाटेवर मथुरा लागते. भागवतातील कुब्जेची कथा या नगरीत घडली. तीन ठिकाणी वाकलेल्या त्या दासीच्या पावलांवर कृष्णाने आपली पावले ठेवली, हनुवटीला दोन बोटे लावून तिला वर उचलले आणि ती सरळ झाली. भाविकाला या कथेत ईश्वरी कृपा दिसते. वैद्यकाचा इतिहास जाणणाऱ्याला मात्र तीत आणखी एक गोष्ट आढळते. पाय खाली रोखून धरावेत आणि मस्तक वर ओढावे, ही जी क्रिया कथेत वर्णिली आहे, तिच्याच आधारे माणसाने पुढे दोन हजार वर्षे वाकड्या कण्याशी झुंज दिली.

ग्रीक परंपरेत हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथांत रुग्णाला फळीवर बांधून दोन्ही बाजूंनी ताणण्याची रीत सांगितली आहे. कण्याच्या बाजूला झुकणाऱ्या बाकाला ‘स्कोलिओसिस’ हे नाव रूढ झाले तेही ग्रीक भाषेतूनच. त्याचा मूळ अर्थ केवळ ‘वाकडेपणा’. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्र्वाझ पारेने लोखंडी पत्र्याची कंचुकी वापरली. १७४१ साली निकोला आंद्रीने खुंटाला बांधलेल्या वाकड्या रोपट्याचे चित्र आपल्या ग्रंथात दिले. अस्थिशल्याच्या शास्त्राने पुढे तेच आपले बोधचिन्ह मानले. १८७७ साली न्यूयॉर्कच्या लुइस सेयरने रुग्णाला दोरीने वर टांगून त्याच्या अंगाभोवती प्लास्टर घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या साऱ्यांचा हेतू चांगला होता. पण आतील हाड कोणालाच दिसत नव्हते. १८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि प्रथमच बाक डोळ्यांना दिसू लागला. जॉन कॉब याने १९४८ साली तो अंशांत मोजण्याची रीत रूढ केली. तेव्हापासून रुग्णाच्या कानी ‘चाळीस अंश’, ‘साठ अंश’ असे शब्द पडू लागले.

मोजता येऊ लागले म्हणजे सुधारता आलेच, असे नव्हे. रसेल हिब्जने १९११ मध्ये क्षयग्रस्त कण्याचे मणके एकमेकांना सांधण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि थोड्याच वर्षांत ती बाकासाठीही वापरली जाऊ लागली. परंतु १९४१ साली अमेरिकेतील अस्थिशल्यतज्ज्ञांच्या समितीने सुमारे सव्वाचारशे रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा निष्कर्ष निराशाजनकच निघाला. कलाटणी दिली ती ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टनने. पोलिओने कणा कोसळलेली मुले त्याच्यापुढे येत होती. त्याने आकडे आणि पोलादी कांब कण्यातच बसवली आणि १९६२ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. बाहेरून ओढण्याचे युग संपले आणि आतून आधार देण्याचे सुरू झाले. मात्र त्याच कांबेने कमरेचा नैसर्गिक खोलगटपणा सपाट होऊन काही रुग्ण पुढे ओणवे होऊ लागले. एक व्यंग दूर करताना दुसरे पदरी पडू शकते, हा धडा शल्यविशारदांना येथे मिळाला.

हा इतिहास मुख्यतः वाढत्या वयाच्या मुलांचा आहे. प्रौढांचे काय? हाडांची वाढ थांबली की बाकही थांबतो, अशी समजूत दीर्घकाळ होती. दुसऱ्या टोकाला, १९६८ साली स्वीडनमधून आलेल्या पाहणीने अशा रुग्णांचे आयुष्य घटते असे सुचवून मोठी धास्ती निर्माण केली. पण त्या पाहणीत पोलिओ, जन्मजात दोष अशा निरनिराळ्या कारणांचे रुग्ण एकत्र आले होते. खरे उत्तर मिळण्यासाठी कोणीतरी चाळीस वर्षे थांबावे लागणार होते, आणि अमेरिकेच्या आयोवा राज्यात ते घडले. वाइनस्टाइन आणि पोन्सेती यांनी १९८३ साली दाखवून दिले की, वाढ संपतेवेळी तीस अंशांहून कमी असलेला बाक सहसा पुढे वाढत नाही. पन्नास ते पंचाहत्तर अंशांचा, विशेषतः छातीच्या भागातील बाक मात्र वर्षाला एका अंशाच्या आसपास वाढत राहतो. वर्षाचा एक अंश क्षुल्लक वाटतो. पंचविशीपासून पंचावन्नीपर्यंत त्याचे तीस अंश होतात. त्याच परंपरेतील २००३ च्या अभ्यासाने दुसरी बाजूही मांडली. पौगंडावस्थेत कारणाविना उद्भवलेला बाक घेऊन, कोणताही उपचार न करता पन्नास वर्षे जगलेले लोक बहुधा संसार करीत, काम करीत जगले होते. पाठदुखी त्यांना इतरांहून अधिक होती, पण आयुर्मान फारसे घटले नव्हते.

प्रौढपणी आढळणारा आणखी एक प्रकार आहे. तारुण्यात सरळ असलेला कणा उतारवयात मणक्यांमधील चकत्या झिजल्याने वाकतो. तेथे खरे गाऱ्हाणे वाकडेपणाचे नसते. चालताना पायांत उतरणाऱ्या कळा आणि उभे राहण्याची असमर्थता हेच तेथील दुखणे.

आज दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसारख्या सरकारी रुग्णालयात किंवा वसंत कुंजच्या भारतीय मेरुरज्जू इजा केंद्रात एखादी चाळिशीतील स्त्री क्ष-किरणाचे चित्र घेऊन बसते, तेव्हा हा सारा इतिहास तिच्यासमोर असतो. मणक्यांत बसवावयाचे स्क्रू आता उपलब्ध आहेत. १९७३ च्या सुमारास स्तान्यारा याने रुग्णाला शस्त्रक्रियेच्या मध्यावर जागे करून पाय हलवून दाखवण्यास सांगण्याची युक्ती काढली; आज मज्जारज्जूवर विद्युत्-उपकरणे लक्ष ठेवतात. तरीही प्रौढाचा कणा मुलाइतका लवचिक नसतो, हाड ठिसूळ झालेले असते, आणि गुंतागुंत किंवा पुनश्च शस्त्रक्रिया यांची शक्यता अधिक असते. शिवाय जोडलेले मणके पुन्हा कधी वाकत नाहीत. ही तडजोड कायमची असते.

म्हणून जाणता वैद्य प्रथम जुनी चित्रे मागतो. दोन मोजण्यांत पाच अंशांचा फरक निव्वळ हाताचाही असू शकतो. तेव्हा एका दिवसाचा आकडा फारसे सांगत नाही, दहा वर्षांचा आलेख सांगतो. मग तो विचारतो, किती अंतर चालता येते, झोप लागते का, कोणते काम सुटले. निर्णय अंशांवर होत नाही, तो या उत्तरांवर होतो.

वसंत कुंजचे ते केंद्र उभारणारे मेजर हरिपालसिंग अहलुवालिया १९६५ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोहोचले आणि त्याच वर्षीच्या युद्धात पाठीच्या कण्याला गोळी लागून चाकांच्या खुर्चीला खिळले. त्यांना निवड करण्याची संधी मिळालीच नव्हती. बाकाच्या रुग्णाला ती मिळते, आणि बहुधा विचार करण्याइतका अवधीही मिळतो. मथुरेच्या कुब्जेला तिची इच्छा कोणी विचारली नव्हती. तिला विचारण्याची गरज नव्हती, कारण तेथे धोका नव्हता. मनुष्याच्या हाताने कणा सरळ करावयाचा असेल, तर मात्र आधी विचारलेच पाहिजे, आणि ‘नको’ हेही उत्तर आदराने ऐकले पाहिजे.